व्हिसा-मुदत व मुदतबाह्य वास्तव्य

परकीय नागरिकाला एखाद्या देशात राहण्यासाठी त्या देशाच्या शासनाने ठरवून दिलेला काळ म्हणजे व्हिसा-मुदत होय. ही मुदत संपल्यानंतर शासनाच्या परवानगीवाचून तेथेच राहणे, यास मुदतबाह्य वास्तव्य म्हणतात. ‘व्हिसा’ ही संज्ञा ‘पाहिलेला कागद’ या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून आली असून ‘पारपत्र तपासून पाहिल्याची अधिकाऱ्याची खूण’ असा तिचा मूळ अर्थ आहे. मराठीत तिला प्रवेशपरवाना असेही म्हणतात. चोरून सीमा ओलांडणारा परकीय आणि मुदत उलटूनही राहणारा परकीय यांत महत्त्वाचा फरक आहे. पहिल्याचा प्रवेशच बेकायदेशीर असतो; दुसऱ्याचा प्रवेश कायदेशीर असून केवळ दिवस उलटल्यामुळे, जागचे न हलताही, त्याचे वास्तव्य अवैध ठरते. अशी अवैधता नेहमीच त्याच्या हेतूतून निर्माण होते असे नाही. अज्ञान, आजारपण, नोकरी सुटणे, मालकाची टाळाटाळ व प्रवासमार्ग बंद पडणे, ही तिची नित्य आढळणारी कारणे होत.

स्वरूप : पारपत्र, व्हिसा व वास्तव्याची अनुज्ञा या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत. पारपत्र स्वदेशाचे शासन देते. ते राष्ट्रीयत्वाचा व ओळखीचा पुरावा होय. व्हिसा यजमान देश देतो; त्यामुळे त्या देशाच्या प्रवेशद्वारापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. प्रत्यक्षात किती दिवस राहावयाचे, हे व्हिशातील अटींनुसार किंवा प्रवेशसमयी अधिकारी करील त्या नोंदीनुसार ठरते. या तिहींच्या मुदती क्वचितच सारख्या असतात व त्यांची गल्लत हे मुदतभंगाचे एक प्रमुख कारण आहे. उदा., अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे, विशेषतः नातवंडाच्या जन्माच्या निमित्ताने, महाराष्ट्रातून अनेक आईवडील जातात. त्यांच्या पारपत्रावर बहुधा दहा वर्षांचा अभ्यागत व्हिसा असतो. परंतु एका खेपेस त्यांना सामान्यतः सहा महिनेच राहता येते. परतण्याची तारीख त्यांच्या आगमन-नोंदीत दिलेली असते आणि तीच बंधनकारक असते. व्हिशाची आणखी आठ वर्षे शिल्लक आहेत, या समजुतीने सातवा महिना तेथे काढणारी व्यक्ती मुदतबाह्य ठरते.

मुदतीइतकेच प्रयोजनालाही महत्त्व असते. पर्यटन, व्यापार, रोजगार, शिक्षण, वैद्यकीय उपचार, वृत्तव्यवसाय इ. प्रयोजनांसाठी स्वतंत्र प्रकारचे व्हिसा असतात. सांगितलेले प्रयोजन सोडून दुसरे काम केल्यास मुदत शिल्लक असूनही अटींचा भंग होतो. पुण्यातील आश्रमामुळे प्रसिद्धीस आलेले आचार्य रजनीश (ओशो) यांचे प्रकरण या दृष्टीने बोधक आहे. ते १९८१ मध्ये वैद्यकीय कारणासाठी तात्पुरत्या व्हिशावर अमेरिकेत गेले. कायम राहण्याचा हेतू लपवून खोटी विधाने केली, तसेच अनुयायांना वास्तव्य मिळवून देण्यासाठी बनावट विवाहांचा कट केला, अशा स्वरूपाचे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःचे निरपराधित्व कायम ठेवून दोन आरोपांपुरती तडजोडीची कबुली दिली. तीनुसार ४ लाख डॉलर दंड व स्थगित कारावासाची शिक्षा झाली आणि त्यांना अमेरिका सोडावी लागली. त्यानंतर अनेक देशांनी त्यांना आश्रय नाकारला व १९८७ मध्ये ते पुण्यास परतले. एका देशातील वास्तव्यभंगाचा परिणाम त्या देशापुरता मर्यादित राहत नाही, हे यावरून दिसून येते.

इतिहास : पहिल्या महायुद्धापूर्वी (१९१४–१८) यूरोप-अमेरिकेतील बराचसा प्रवास पारपत्रावाचून होत असे. युद्धकाळात हेरगिरीच्या भीतीने पारपत्र व व्हिसा सक्तीचे झाले आणि युद्धानंतरही ही सक्ती टिकली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पारपत्राचा सर्वसाधारण नमुना ठरविला. भारतात परकीयांसंबंधीचा पहिला महत्त्वाचा कायदा १८६४ चा होय. त्यानंतर पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम १९२०, परकीय नागरिक नोंदणी अधिनियम १९३९ आणि परकीय नागरिक अधिनियम १९४६ हे कायदे झाले. स्वातंत्र्योत्तर काळातही सात दशकांहून अधिक काळ परकीयांच्या वास्तव्याचे नियमन प्रामुख्याने याच कायद्यांनी होत राहिले. १९७१ मध्ये केंद्र शासनाने आप्रवासन विभागाची स्थापना केली. पुढे संसदेने आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम २०२५ संमत करून जुने कायदे एकत्रित केले व तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. या अधिनियमान्वये व्हिशाच्या मुदतीपलीकडे राहिल्यास वा त्यातील अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९४६ च्या अधिनियमात ही कारावासाची मर्यादा पाच वर्षे होती. पारपत्र वा व्हिसा बनावट असल्यास याहून बरीच कडक शिक्षा आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा : महाराष्ट्रात हा विषय केवळ विमानतळांपुरता मर्यादित नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्टा होय. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या भागांत यंत्रे व वाहने तयार करणारे उद्योग वाढले. इंद्रायणीकाठचे चिखली हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या भारतीय कंपनीचे उत्पादन प्रथम चिखली-पिंपरी परिसरातील टेल्कोच्या (सध्याची टाटा मोटर्स) आवारात सुरू झाले आणि २००९ मध्ये ते चाकण येथे हलविण्यात आले. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना सुरू झाला. जर्मन, जपानी व कोरियन भांडवलाच्या कारखान्यांबरोबर तेथील अभियंते, व्यवस्थापक व त्यांची कुटुंबे या पट्ट्यात व पुणे परिसरात राहू लागली. उलट दिशेने, येथील अभियंते व कुशल कारागीर प्रशिक्षणासाठी वा यंत्रांच्या चाचणीसाठी परदेशी जाऊ लागले. त्यामुळे वास्तव्य-मुदतीचा प्रश्न येथे दोन्ही बाजूंनी उपस्थित होतो.

भारतात नोकरी करणाऱ्या परकीयास रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. व्यापारी वाटाघाटी, कामाच्या प्रगतीची पाहणी, बैठका यांसाठी व्यापार व्हिसा पुरेसा असतो. यंत्राच्या पुरवठ्याच्या करारानुसार ते बसवून चालू करून देण्यासाठी येणारा तंत्रज्ञ हा व्यापारी पाहुणा नसून काम करणारा आहे. म्हणून त्यास रोजगार व्हिसा आवश्यक आहे, असे केंद्र शासनाने २००९–१० च्या सुमारास स्पष्ट केले. पुढे काही उद्योगांसाठी या नियमात सवलती देण्यात आल्या. रोजगार व्हिसा मालकाशी निगडित असतो. भारतात राहून मालक बदलण्यास, संलग्न कंपन्यांसारखे अपवाद सोडल्यास, मुभा नसते. अशा व्यक्तीच्या पत्नीस वा पतीस अवलंबित म्हणून राहता येते. परंतु केवळ त्या व्हिशावर नोकरी करता येत नाही.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिशावर येणाऱ्या परकीयास, व्हिशात वेगळी अट नसल्यास, आगमनानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. २०१८ पासून नोंदणी, मुदतवाढ, पत्ताबदल व निर्गमन परवाना या सेवा केंद्र शासनाच्या संगणकीय प्रणालीद्वारे मिळू लागल्या. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन होऊन चिखली व चाकण ही ठाणी त्याच्या अखत्यारीत आली. कायद्याचा भार केवळ परकीयावर नसतो. हॉटेल, अतिथिगृह, भाड्याचे घर यांपैकी जेथे परकीय उतरतो, तेथील चालकाने वा मालकाने त्याची माहिती २४ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. विद्यापीठे व रुग्णालये यांवरही अशीच जबाबदारी आहे. परकीय दांपत्यास येथे मूल झाल्यास त्याचे पारपत्र स्वदेशाच्या वकिलातीकडून मिळवून भारतीय व्हिशासाठी अर्ज करावा लागतो; तसे न केल्यास त्या मुलाच्या निर्गमनाच्या वेळी अडचण उद्भवते. मुदत उलटलेल्या परकीयास विमानतळावरून थेट परत जाता येत नाही. त्यास आधी दंड भरून निर्गमन परवाना घ्यावा लागतो.

परदेशातील मराठी भाषक : परदेशी गेलेल्या महाराष्ट्रीयांचे वास्तव्याच्या दृष्टीने स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग आखाती देशांतील कामगारांचा होय. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती वाढल्यामुळे तेथे बांधकामास तेजी आली आणि रत्नागिरी, रायगड इ. जिल्ह्यांतून व मुंबईतून अनेक जण तेथे गेले. आखाती देशांत ‘कफाला’ नावाची पद्धत रूढ झाली. तीत कामगाराचा निवासपरवाना स्थानिक पुरस्कर्त्याच्या म्हणजे बहुधा मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. मालकाने परवान्याचे नूतनीकरण केले नाही अथवा कामगार पळून गेल्याची तक्रार नोंदविली, तर कामगार कामावर हजर असूनही बेकायदेशीर ठरू शकतो. पुढे अनेक आखाती देशांनी या पद्धतीत सुधारणा केल्या. तथापि परवाना व नोकरी यांचा संबंध पूर्णतः तुटलेला नाही. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमान्वये अल्पशिक्षित कामगारांच्या करारांची तपासणी उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आली. पर्यटक व्हिशावर जाऊन तेथे काम धरणारा मनुष्य या तपासणीतून निसटतो व मुदत संपताच त्यास कोणतेच कायदेशीर संरक्षण उरत नाही.

आखाती राज्ये अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. तिच्या काळात मुदतबाह्य व्यक्तीस दंडाशिवाय देश सोडता येतो किंवा वास्तव्य नियमित करून घेता येते. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये रोजगारात स्थानिकांचे प्रमाण वाढविण्याचे ‘निताकात’ धोरण कडकपणे राबविताना अशी मुदत दिली, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये १ सप्टेंबरपासून दोन महिन्यांची मुदत दिली आणि पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली.

दुसरा वर्ग अमेरिकेतील सुशिक्षित नोकरदारांचा होय. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय जुने निर्बंध दूर झाल्यावर तेथे डॉक्टर, अभियंते व विद्यार्थी जाऊ लागले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना होण्याइतकी मराठी भाषकांची वस्ती वाढली. विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी असलेल्या तेथील ‘एच-१ बी’ व्हिशाची कमाल मुदत सामान्यतः सहा वर्षे असते. कायम निवासपत्रांच्या वाटपात प्रत्येक देशाला सु. सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांना दीर्घकाळ वाट पाहावी लागते. या काळात सहा वर्षांनंतरही मुदतवाढीची सोय आहे. नोकरी सुटल्यास मात्र दुसरा मालक शोधण्यास वा देश सोडण्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. ही तरतूद २०१७ पासून लागू झाली. घर, कर्ज, मुलांची शाळा यांचा संसार वीस वर्षांचा असला, तरी त्याला मिळणारी सवलत तेवढीच असते. या कुटुंबांतील परदेशात जन्मलेली मुले वयाच्या २१ व्या वर्षी अवलंबित राहत नाहीत. कायम निवासपत्र तोवर न मिळाल्यास त्यांना स्वतंत्र व्हिसा मिळवावा लागतो.

तिसरा वर्ग अल्पकाळासाठी जाणाऱ्यांचा होय. चिखली-चाकण पट्ट्यातून जर्मनीस जाणाऱ्या अभियंत्यास शेंगेन करारातील देशांचा नियम लागू होतो. अल्पकालीन व्हिशावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस या देशांत राहता येते. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात आणि २९ देशांचे क्षेत्र एकच समजले जाते. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च असे ९० दिवस जर्मनीत काढलेल्या व्यक्तीस ३० जूनपूर्वी त्या क्षेत्रात पुन्हा येता येत नाही. मधल्या काळात फ्रान्स वा इटलीस जाणेही मुदतभंगच ठरते. पूर्वी हा हिशेब पारपत्रावरील शिक्क्यांवरून केला जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन नोंदप्रणालीत बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा घेतली जाऊन तो संगणकाद्वारे होतो. त्यामुळे एका दिवसाची चूकही नजरेतून सुटणे कठीण झाले आहे.

परिणाम : मुदतबाह्य वास्तव्याचे परिणाम देशपरत्वे भिन्न आहेत. काही देश प्रत्येक दिवसामागे दंड आकारतात. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ मध्ये हा दर ५० दिरहॅम ठरविण्यात आला. थायलंडमध्ये तो ५०० बाट असून त्यास २०,००० बाटची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत एक दिवस जरी मुदत ओलांडली, तरी ज्या व्हिशावर प्रवेश केला तो रद्द होतो. १८० दिवसांहून अधिक पण एक वर्षाहून कमी काळ अवैध वास्तव्य करून देश सोडल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक केल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी असते. १९९६ च्या कायद्यातील ही तरतूद १ एप्रिल १९९७ पासून लागू झाली. जपानमध्ये हद्दपार झालेल्यास सामान्यतः पाच वर्षे बंदी असते. स्वतःहून हजर होऊन ठराविक अटींवर देश सोडणाऱ्यास मात्र ती एक वर्षाचीच असते. स्वेच्छेने पुढे येणाऱ्याला सौम्य व पकडल्या जाणाऱ्याला कठोर वागणूक देण्याचे धोरण बहुतेक देशांत आढळते.

दंड व बंदी यांहून दैनंदिन जीवनावर होणारे परिणाम अधिक दूरगामी असतात. निवासपरवाना संपला की नोकरीचा करार, भाडेपट्टी, बँकेचे खाते, वैद्यकीय विमा यांची वैधता एकेक करून धोक्यात येते. पकडले जाण्याच्या भीतीने मनुष्य रुग्णालयात वा पोलिसांकडे जाण्याचे टाळतो. मजुरी बुडविणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करीत नाही. परिणामी, कायद्याबाहेर गेलेला परकीय अन्यायाला सहज बळी पडतो. दंडाची रक्कम दररोज वाढत असल्यास परतण्याची इच्छा असूनही परतणे त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

कायदेशीर स्थिती : परकीयास कोणत्याही देशात राहण्याचा स्वयंसिद्ध अधिकार नाही, हे आंतरराष्ट्रीय विधीचे सर्वमान्य तत्त्व आहे. भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील वास्तव्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे संरक्षण करणारा २१ वा अनुच्छेद मात्र परकीयासही लागू आहे. परकीयास देशाबाहेर काढण्याचा केंद्र शासनाचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये न्यूरेंबर्गचे हान्स म्यूलर यांच्या खटल्यात म्हटले. १९३७ पासून भारतात राहिलेले बेल्जियन धर्मोपदेशक लुई द रेट यांच्या १९९१ च्या खटल्यातही तेच तत्त्व कायम ठेवण्यात आले. परकीय पारपत्रावर वेळोवेळी मुदतवाढ घेत केलेले वास्तव्य कितीही दीर्घ असले, तरी तेवढ्याने नागरिकत्वाचा हक्क निर्माण होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले [→ नागरिकत्व]. परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी २००५ पासून ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ ही नोंदणी उपलब्ध झाली. तिच्यामुळे आजीव व्हिसा मिळतो व वास्तव्याची मुदत मोजावी लागत नाही. परंतु मतदानासारखे राजकीय हक्क तिच्यामुळे मिळत नाहीत.

उपाय : मुदत संपण्यापूर्वी वाढीसाठी अर्ज करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. अनेक देशांत वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत अर्जदारास संरक्षण मिळते. मुदतीनंतर केलेल्या अर्जास ते सहसा मिळत नाही. आजारपण, अपघात, विमानसेवा बंद पडणे यांचे लेखी पुरावे जपून ठेवणे, पारपत्र मालकाच्या ताब्यात न देणे व अडचण येताच स्वदेशाच्या वकिलातीस कळविणे आवश्यक असते. अटक झालेल्या परकीयास आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. भारतीय वकिलातींमध्ये २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी उभारण्यात आला. संकटग्रस्तांचा परतीचा प्रवासखर्च, तसेच सकृद्दर्शनी कामगाराचा दोष नसलेल्या प्रकरणी अवैध वास्तव्याचा लहान दंडही त्यातून देता येतो. २०२० मध्ये करोना महासाथीमुळे विमानसेवा बंद पडल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांनी अडकून पडलेल्या परकीयांच्या व्हिशांना मुदतवाढ दिली. दोष व्यक्तीचा नसताना मुदतभंगाची शिक्षा तिला होऊ नये, हे तत्त्व त्या वेळी अनेक देशांत मान्य झाले. नोकरी सुटल्यामुळे किंवा मालकाने परवाना नूतनीकृत न केल्यामुळे मुदतबाह्य ठरणाऱ्यांच्या बाबतीत ते अद्याप अंशतःच स्वीकारले गेले आहे. मुदत मोजण्याची साधने जितकी अचूक होत आहेत, तितकी ती ओलांडण्यामागील कारणे पाहण्याची तरतूद विस्तृत होण्याची गरज आहे.